तारखेचा हिशेब

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठून कर्जखते जाळली आणि ते लोण पुणे-नगर भागात पसरले. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. कुणबी कर्जात का बुडतो, याचे उत्तर त्या काळच्या शहाण्यासुरत्या मंडळींकडे तयारच होते. लग्नाकार्यात ऐपतीबाहेर पैसा उडवतो, म्हणून बुडतो! आयोगाने चौकशीअंती जे लिहिले ते या समजुतीला धक्का देणारे होते. लग्नसमारंभाच्या खर्चाला अवास्तव महत्त्व दिले गेले आहे, असे प्रसंग वर्षानुवर्षांतून एखाद्या वेळी येतात आणि कर्जाचे मूळ क्वचितच तिथे असते, असा त्याचा निष्कर्ष होता. कर्ज फुगत होते ते पोटासाठी, बियाण्यासाठी, बैलासाठी, सरकारी पट्टीसाठी वरचेवर काढलेल्या लहानसहान रकमांमुळे. पुढे १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला आणि तो पुणे, नगर, सोलापूर यांच्याबरोबर सातारा जिल्ह्यालाही लागू झाला. म्हणजे याच जिल्ह्यातील वाईच्या पंचक्रोशीतील घरेही त्याच दुखण्याची रोगी होती.

दीडशे वर्षांपूर्वीच्या या निष्कर्षाने प्रस्तावनेची सुरुवात करण्याचे कारण आहे. पैशाच्या नियोजनावर आज जे बोलले-लिहिले जाते, त्याचा सूर अजूनही त्या शहाण्यासुरत्यांचाच आहे. हौस आवरा, चहा कमी करा, मोबाइल स्वस्तातला घ्या, मग सगळे ठीक होईल. या उपदेशात तथ्य नाही असे नाही. पण त्याचा नेम चुकतो. घर अडचणीत येते ते बहुधा पैसा हाती येण्याची तारीख आणि पैसा हातातून जाण्याची तारीख यांचा मेळ बसत नाही म्हणून. मधली फट उधारीने भरावी लागते, उधारीला व्याज लागते आणि पुढच्या वर्षी पैसा आला की त्यातला पहिला घास ते व्याज खाते. त्यामुळे आर्थिक उद्दिष्ट ठरवणे म्हणजे या तारखांची जुळणी आगाऊ करून ठेवणे, आणि रोजचा खर्च सांभाळणे म्हणजे ती जुळणी विस्कटू न देणे. ही प्रस्तावना एवढेच एक म्हणणे मांडते.

वाई तालुक्यात हे म्हणणे पडताळून पाहणे सोपे आहे, कारण येथे पैसा नाना वाटांनी आणि नाना तारखांना येतो. या तालुक्यातील शेती-व्यवसायाची तपशीलवार पाहणी धनंजयराव गाडगीळांनी सहकाऱ्यासह केली होती आणि पुण्याच्या गोखले संस्थेने ती १९४० मध्ये प्रसिद्ध केली. शेतकऱ्याच्या घरालाही जमाखर्च असतो आणि तो मांडता येतो, हे त्यामागचे गृहीतक आजही तितकेच उपयोगी आहे. तेव्हा धोम धरण नव्हते. धरणाचे पाणी आले, भुईंजचा साखर कारखाना उभा राहिला आणि घरात येणाऱ्या पैशाचे वेळापत्रकच बदलले. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस सोळा-अठरा महिन्यांनी तुटतो. हळद उन्हाळ्याच्या तोंडी शिजवून, वाळवून, पॉलिश करून बाजारात जाते. पाचगणीच्या बाजूला स्ट्रॉबेरीचा पैसा हिवाळ्यात खेळतो. दुधाचे बिल दर दहा दिवसांनी येते. मुंबई-नवी मुंबईत माथाडी म्हणून काम करणाऱ्या माणसाचा पगार महिन्याला येतो. शिक्षकाच्या, कारकुनाच्या घरी महिन्याचा पगार ठरलेला, तर बांधकामावरच्या मजुराच्या घरी फक्त आठवड्याचा हप्ता. एकाच आळीतील चार घरांची वार्षिक कमाई सारखी असली, तरी या तारखांमुळे त्यांची अडचण सारखी नसते. उसावर अवलंबून असलेले घर वर्षातील दोन महिने श्रीमंत आणि दहा महिने उधारीवर असू शकते. त्याच मिळकतीचे दूधवाले घर मात्र किराण्याची वही दर दहा दिवसांनी मिटवते.

आता खर्चाची बाजू पाहा. अचानक आला म्हणून आपण ज्या खर्चाला दोष देतो, त्यातला बराचसा अचानक नसतोच. शाळेची फी, वह्या-पुस्तके आणि गणवेश जूनमध्येच लागणार. विम्याचा हप्ता ठरल्या दिवशीच भरायचा. दिवाळी पंचांगात छापलेली असते. बावधनची बगाडयात्रा रंगपंचमीलाच भरते. त्या दिवशी घरी पाहुणे येणार, लेकी-जावई येणार, हे वर्षभर आधी ठाऊक असते. तरीही यात्रेच्या आदल्या आठवड्यात हातउसने शोधण्याची वेळ येते, कारण तारीख ठाऊक असली तरी तिच्या नावाने पैसा बाजूला काढलेला नसतो. यात्रेला बारा हजार लागत असतील तर तो महिन्याचा हजार रुपयांचा खर्च आहे; वर्षातून एकदा दिसतो इतकेच. मुलाची बारावी, मुलीचे लग्न, घराचा स्लॅब, म्हातारपण यांनाही हेच लागू पडते. बाळ जन्माला आले त्या दिवशी त्याच्या कॉलेजचे साल ठरलेले असते. तारीख दूरची आहे म्हणून ती नाहीच असे समजणे, हा नियोजनातील सर्वांत महाग पडणारा आळस आहे.

म्हणून उद्दिष्ट लिहिताना तीन गोष्टी लिहाव्या लागतात: किती, केव्हा आणि कुठून. 'मुलीला शिकवायचे आहे' ही इच्छा झाली. '२०३१ च्या जूनमध्ये तीन लाख रुपये लागतील आणि ते दुधाच्या बिलातून बाजूला काढायचे' हे उद्दिष्ट झाले. एकदा आकडा आणि तारीख आली की बाकीचे गणित साधे असते. पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत ६.७ टक्के दर धरला, तर महिन्याला हजार रुपये भरणाऱ्याच्या हाती मुदतीअखेर सुमारे ७१ हजार येतात. तीन लाखांसाठी महिन्याला चार हजार दोनशेच्या आसपास लागतील. एवढे निघत नसतील तर आजच कळते आणि तारीख पुढे ढकलायची, रक्कम कमी करायची की मिळकत वाढवायची, हे शांतपणे ठरवता येते. दूरच्या उद्दिष्टात महागाईही धरावी लागते. वर्षाला सहा टक्के महागाई असेल तर आजचा एक लाखाचा खर्च बारा वर्षांनी दोन लाखांचा होतो. म्हणूनच वर्ष-दोन वर्षांत लागणारा पैसा जिथे ठेवायचा, तिथे पंधरा वर्षांनी लागणारा पैसा ठेवून चालत नाही. जवळच्या तारखेला सुरक्षितता हवी, दूरच्या तारखेला वाढ हवी. गुंतवणुकीच्या प्रत्येक योजनेला विचारायचा पहिला प्रश्न 'किती टक्के' हा नसून 'कोणत्या तारखेसाठी' हा आहे.

काही खर्चांना मात्र तारीख नसते. दवाखाना, अपघात, गाय दगावणे, २०१९ आणि २०२१ मध्ये सांगलीकरांनी सोसला तसा कृष्णेचा महापूर. तारीख नाही म्हणून त्यांची तयारी करता येत नाही, असे नव्हे; त्यांच्यासाठी पैसा कायम हाताशी ठेवावा लागतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. पण ते यादीतील रुग्णालयांत आणि ठरावीक उपचारांना मिळते. रुग्णाबरोबर राहणाऱ्या माणसाचा बुडालेला रोज, येणे-जाणे, घरी आल्यानंतरची औषधे हे त्यात बसत नाही. तीन महिन्यांचा घरखर्च भागेल एवढी रक्कम वेगळ्या खात्यात असणे हे म्हणूनच पहिले उद्दिष्ट. इतर सारी त्यानंतर.

रोजच्या खर्चाकडे वळू. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीनुसार देशातील ग्रामीण भागात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ४,१२२ रुपये आणि शहरी भागात ६,९९६ रुपये होता. ग्रामीण खर्चापैकी सुमारे ४७ टक्के खाण्यापिण्यावर जात होता, आणि त्यातही सर्वांत मोठा वाटा धान्याचा, दुधाचा किंवा भाजीचा नव्हता. तो पेये, नाश्ता आणि तयार पदार्थ यांचा होता. हा आकडा वाचून बोटे मोडण्याचे कारण नाही. शेतावर, गाडीवर, बांधकामावर राबणारा माणूस बाहेर वडापाव आणि चहा घेणारच. प्रश्न एवढाच की हा खर्च घराच्या हिशेबात दिसतो का. किराण्याची वही दिसते, विजेचे बिल दिसते. मोबाइलवरून कोड स्कॅन करून दिलेले वीस-वीस रुपये दिसत नाहीत. रोजचे पन्नास रुपये वर्षाला १८,२५० होतात. त्यावर बंदी घालण्याआधी तीन महिने ते नुसते लिहून काढावेत. लिहिले की बहुतेक घरांना कळते की खर्चात चैन थोडी आहे, पण विसर फार आहे. चैन ठरवून ठेवायला हरकत नाही. विसरलेला खर्च तेवढा बंद करावा.

तारखा चुकल्या की किती महाग पडते, हे व्याजात दिसते. पीककर्जाचे उदाहरण बोलके आहे. केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना यांमुळे तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडणाऱ्याला शून्य टक्क्याने पडते. मुदत टळली की ही सवलत जाते. कर्ज तेच, सोसायटी तीच, शेतकरी तोच. फरक फक्त तारखेचा. याउलट 'शेकडा तीन'ने घेतलेले हातउसने वर्षाला ३६ टक्के पडतात आणि क्रेडिट कार्डाची थकबाकीही त्याच घरात जाते. हप्त्यावरच्या खरेदीत आकडा आणखी फसवा असतो. ६० हजारांच्या वस्तूला 'फ्लॅट १२ टक्के' दराने दोन वर्षांचे २४ हप्ते बांधले, तर हप्ता ३,१०० रुपये होतो. मुद्दल दर महिन्याला फिटत असताना व्याज मात्र पूर्ण ६० हजारांवर मोजले जाते. म्हणून खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या वर जातो. कर्ज वाईट असते असे नाही. ज्या तारखेला फेडीचा पैसा नक्की येणार आहे, त्या तारखेचे कर्ज चालते. तारीख न पाहता घेतलेले बुडवते.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की मिळकतच अपुरी असेल तर नियोजन कशाचे करायचे? २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील शेतकरी कुटुंबाची सरासरी मासिक मिळकत १०,२१८ रुपये आणि डोक्यावरचे सरासरी कर्ज ७४,१२१ रुपये आढळले. एवढ्यात पुरे पडत नाही ही वस्तुस्थिती आहे आणि कोणतीही वही दहाचे वीस करत नाही. पण या आक्षेपातूनच नियोजनाची गरज सिद्ध होते. तारीख चुकल्याचा सर्वांत जबर दंड गरिबालाच बसतो, कारण स्वस्त कर्ज त्याला मिळत नाही. शिवाय हिशेब मांडला की तूट कुठे आहे ते कळते. खर्चात गळती नाही, मिळकतच कमी आहे, हे आकड्यांनी दिसले तर आपल्या सवयींना शिव्या देणे थांबते आणि मजुरी, भाव, जोडधंदा यांच्याकडे लक्ष जाते. गरिबीचा दोष गरिबाच्या चहावर ढकलणाऱ्यांना उत्तर द्यायलाही हिशेबच लागतो. म्हसवडला १९९७ मध्ये चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या माणदेशी महिला सहकारी बँकेने दुष्काळी माण तालुक्यात हेच दाखवले. अल्प मिळकतीच्या बायकांना बचत जमते. मात्र बँकेने त्यांच्या दारी आणि त्यांच्या वेळेला यावे लागते. रोज कमावणारीला महिन्याचा मोठा हप्ता झेपत नाही, रोजची छोटी रक्कम झेपते.

दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा: भावाचा, पावसाचा भरवसा नाही, मग आकडा धरायचा कुठला? उत्तर असे की मागच्या तीन-चार वर्षांतला सर्वांत कमी आकडा धरावा आणि त्यावर आलेले आधी राखीव खात्यात टाकावे. २०२४-२५ च्या हंगामासाठी उसाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये जाहीर झाली, की टनाला ३,४०० असे मनात पक्के बसते. पण त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते, उताऱ्यावर दर बदलतो आणि सोसायटीची वसुली बिलातूनच होते. कायद्याने बिल चौदा दिवसांत मिळायला हवे. राज्य शासनाने २०२२ मध्ये एफआरपी दोन टप्प्यांत देण्याची मुभा दिली, त्यावर शेतकरी संघटना न्यायालयात गेल्या आणि २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. तो वाद जितका दराचा होता तितकाच तारखेचा होता. तारीख ही पैशाइतकीच मोलाची असते, हे ऊसकऱ्याला वेगळे सांगायला नको.

तिसरा आक्षेप कटू अनुभवातून येतो: काटकसर करून ठेवलेला पैसा बँकच बुडवते. हा आक्षेप या भागात हवेतला नाही. कराड जनता बँकेचा परवाना डिसेंबर २०२० मध्ये रद्द झाला. वाईच्याच हरिहरेश्वर सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ११ जुलै २०२३ रोजी रद्द केला. त्या वेळी रिझर्व्ह बँकेने दिलेल्या माहितीनुसार ९९.९६ टक्के ठेवीदार विम्यातून पूर्ण रक्कम मिळण्यास पात्र होते, कारण फेब्रुवारी २०२० पासून बँकेतील ठेवींना माणशी पाच लाखांपर्यंत विमा आहे. यातून दोन धडे मिळतात. एका बँकेत व्याजासह पाच लाखांच्या वर जाऊ नये, हा पहिला. दुसरा तितकाच महत्त्वाचा. निर्बंध लागल्यावर विम्याची रक्कम मिळण्यासाठी कायद्यात नव्वद दिवसांची मुदत आहे. म्हणजे रक्कम सुरक्षित राहिली तरी तारीख हुकू शकते. सगळा पैसा एकाच दारात न ठेवण्याचे खरे कारण हे आहे. पतसंस्थेच्या ठेवींना तर हा विमाच नाही. तिथला अर्धा-एक टक्का जास्तीचा व्याजदर ही मेहेरबानी नसून जोखमीची किंमत आहे. भिशीही ओळखीवर चालते. ओळख तुटली की दाद मागणे अवघड.

सोन्याचा कैवार घेणारेही आहेत, आणि जिथे पु. ना. गाडगीळांची पेढी १८३२ पासून चालत आली आणि जिथल्या विटा-खानापूरचे गलाई कारागीर देशभर सोने-चांदी गाळायला गेले, त्या शेजारच्या सांगली परिसरात तो कैवार नवल नाही. अडीनडीला सोने तारणावर तासाभरात पैसा उभा करते, हे खरे. पण दागिना मोडताना मजुरी आणि घट जाते आणि मोडायला घरातल्या बाईचे मन होत नाही. तारखेविनाची जोखीम पेलायला थोडे सोने ठीक. कॉलेजची फी भरायला ठरल्या तारखेला पिकणारी ठेवच बरी.

शेवटचा आक्षेप भावनेचा आहे: असा पै-पैचा हिशेब ठेवणारे घर कोरडे होते, पाहुण्याला, देवाला, गावकीला हात आखडतो. खरे तर याउलट घडते. पतीने चालवलेल्या वसतिगृहातील मुलांसाठी अंगावरचे दागिने देणाऱ्या लक्ष्मीबाई भाऊराव पाटील याच सातारा जिल्ह्यात होऊन गेल्या. दातृत्वही उद्दिष्टांच्या यादीत लिहिता येते. यात्रेचा, वर्गणीचा, अडल्यानडल्याला देण्याचा पैसा आधीच बाजूला असेल तर तो हसतमुखाने दिला जातो. उसने काढून दिलेली वर्गणी घरात भांडण लावते.

हिशेब एकट्याने मांडायचा नसतो. ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला दीड हजार रुपये लाखो स्त्रियांच्या खात्यात थेट येऊ लागले. वर्षाला अठरा हजार. अनेकींच्या नावावर दरमहा येणारा हा पहिलाच पैसा. तो कशासाठी, हे ठरवण्याचा अधिकार जिचा पैसा तिचा आहे, आणि घराची मोठी उद्दिष्टे ठरवताना तिला बसवून घेतल्याशिवाय ती पार पडत नाहीत, कारण रोजचा खर्च बहुतेक घरांत तिच्याच हातून होतो. मुलांनाही जमाखर्च दाखवावा. बापाने काय नाकारले हे त्यांना कळते. का नाकारले हे आकडे पाहिल्यावरच कळते.

तेव्हा वाचकाला विनंती एवढीच. पुढची पाने उलटण्याआधी दिनदर्शिका भिंतीवरून खाली घ्या. येत्या बारा महिन्यांत घरात पैसा कोणत्या तारखांना येणार ते एका रंगाने आणि कोणत्या तारखांना जाणार ते दुसऱ्या रंगाने लिहा. जाणाऱ्या प्रत्येक मोठ्या तारखेपुढे ती कोणत्या येणाऱ्या पैशातून भागवणार ते नोंदवा. ज्या तारखेपुढे जागा रिकामी राहील, ते तुमचे पहिले उद्दिष्ट. त्याची सुरुवात याच महिन्यात करा, रक्कम शंभर रुपये असली तरी चालेल.